भूकंपरोधी पोलादी सांध्यांसाठी वेल्डिंग कार्यपद्धती : हीट इनपुटच्या दोन टोकांचा हिशेब

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे झालेल्या भूकंपानंतर पोलादी इमारतींची तपासणी झाली, तेव्हा बीम आणि कॉलम यांच्या वेल्ड केलेल्या सांध्यांत ठिसूळपणे गेलेले तडे आढळले. त्यातील बरेचसे तडे बीमच्या खालच्या फ्लॅंजच्या (आडव्या पट्टीच्या) वेल्डपासून सुरू झाले होते. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ई७०टी-४ या वायरच्या वेल्डमध्ये ताकद पुरेशी असली तरी चिवटपणा (तडा न जाता ऊर्जा शोषण्याची क्षमता) फारच कमी होता. पुढे एडब्ल्यूएस (अमेरिकन वेल्डिंग सोसायटी) डी१.८ ही भूकंपविषयक पुरवणी संहिता आली. ज्या वेल्डवर सांध्याची सारी भिस्त असते, अशा ‘डिमांड क्रिटिकल’ वेल्डसाठी तिने चिवटपणाची कसोटी हीट इनपुटशी जोडली.

हीट इनपुट म्हणजे वेल्डच्या दर मिलिमीटर लांबीत ओतलेली विद्युत ऊर्जा. व्होल्टेज, करंट आणि ६० यांचा गुणाकार करून त्याला वेल्ड पुढे सरकण्याच्या, मिलिमीटर प्रति मिनिटातील वेगाच्या हजारपटीने भागले की उत्तर किलोज्यूल प्रति मिलिमीटरमध्ये मिळते. काही युरोपीय मानकांत याला प्रक्रियेच्या कार्यक्षमतेचा गुणक लावतात, अमेरिकी पद्धतीत लावत नाहीत. म्हणून दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत. पल्स पद्धतीच्या (करंट सतत कमी-जास्त करणाऱ्या) मशीनवर मीटरवरील सरासरी व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार फसवा ठरू शकतो. तेथे मशीनने मोजलेली तात्क्षणिक ऊर्जा घ्यावी.

पहिले काम भरणधातूची, म्हणजे वायरची किंवा इलेक्ट्रोडची, हीट इनपुटच्या दोन्ही टोकांवर चाचणी घेण्याचे. संहितेने सुचवलेले खालचे टोक १.२ आणि वरचे ३.१ किलोज्यूल प्रति मिलिमीटर आहे. खालच्या टोकाची चाचणी-प्लेट साधारण २० अंश सेल्सिअसपासून सुरू करून इंटरपास तापमान (वेल्डच्या एका थरानंतर पुढचा थर सुरू करतानाचे तापमान) ९० अंशांच्या आसपास ठेवतात. वरच्या टोकाची प्लेट सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून इंटरपास २६० अंशांच्या जवळ नेतात. यामागचा तर्क सरळ आहे. उष्णता फार आणि थंड होणे संथ असले, तर कण मोठे होतात आणि ताकद व चिवटपणा दोन्ही घसरतात; उष्णता कमी आणि थंड होणे झपाट्याचे असले, तर वेल्ड कडक होतो आणि हायड्रोजनमुळे तडा जाण्याचा धोका वाढतो. दोन्ही प्लेटमधून तन्यता (ओढून ताकद मोजण्याच्या) चाचणीचा नमुना आणि चार्पी (आघात देऊन चिवटपणा मोजण्याच्या) चाचणीचे नमुने काढावेत. डिमांड क्रिटिकल वेल्डसाठी २० अंश सेल्सिअसला सरासरी ५४ ज्यूल लागतात. हा आकडा बंदिस्त आणि १० अंशांच्या खाली न जाणाऱ्या इमारतींसाठी आहे. सांधा त्याहून थंड राहणार असेल तर चाचणीचे तापमान इतके खाली आणावे लागते की ते अपेक्षित किमान तापमानापेक्षा सुमारे ११ अंशांहून अधिक वर राहणार नाही.

यानंतर डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती, लिहायची, आणि माझ्या मते बहुतेक चुका याच टप्प्यावर होतात. समजा, कागदावर व्होल्टेज २६ ते ३०, करंट २६० ते ३४० आणि वेग २५० ते ४५० मिलिमीटर प्रति मिनिट असे पट्टे दिले आहेत. मधला बिंदू २८ व्होल्ट, ३०० अँपिअर आणि ३५० मिलिमीटरचा; तेथे हीट इनपुट १.४४ येते आणि सारे ठीक वाटते. पण किमान व्होल्टेज, किमान करंट आणि कमाल वेग एकत्र आले तर तेच ०.९० वर घसरते, म्हणजे चाचणी झालेल्या पट्ट्याच्या सरळ बाहेर जाते, जरी प्रत्येक आकडा स्वतःपुरता नियमात असला तरी. म्हणूनच डी१.८ च्या डब्ल्यूपीएसमध्ये भरणधातूचा उत्पादक, त्याचे व्यापारी नाव आणि मर्यादेत बसणारी आकड्यांची प्रत्यक्ष जोडणी नोंदवावी लागते. मी तर २८ व्होल्ट आणि ३०० अँपिअरच्या ओळीपुढे वेग १६३ ते ४२० असा थेट हिशेबच लिहून ठेवीन. वेल्डरला सूत्रापेक्षा तो अधिक उपयोगी पडतो.

वरचे टोक ओलांडले जाते ते बहुधा उभ्या, खालून वर जाणाऱ्या वेल्डमध्ये. २४ व्होल्ट आणि २२० अँपिअरवर वेल्डर रुंद वीव्ह (टोक डावी-उजवीकडे हलवत वेल्ड) करू लागला आणि वेग १३० वरून १०० वर आला, तर हीट इनपुट २.४४ वरून ३.१७ होते, मीटरवर मात्र काहीच बदललेले दिसत नाही. त्यामुळे वेग स्टॉपवॉच आणि मोजपट्टीनेच तपासावा. व्होल्टेजही लांब केबलमधील घट टाळण्यासाठी मशीनवर नव्हे, तर वायर फीडरजवळ मोजावे. वायरचा स्टिकआउट (टॉर्चबाहेर आलेली वायरची लांबी) वाढला की करंट घटतो, हेही तपासनिसाने ध्यानात ठेवावे.

इंटरपास तापमान पास (वेल्डचा एक थर) सुरू होण्याच्या ठिकाणापासून ७५ मिलिमीटरच्या आत मोजावे; ते ३०० अंशांवर जाऊ देऊ नये. वायूच्या आवरणाखालील वेल्डिंगला वाऱ्याचा वेग ताशी ५ किलोमीटरपेक्षा अधिक चालत नाही, ही मर्यादा डी१.१ या मूळ पोलाद-वेल्डिंग संहितेच्या ताशी ८ किलोमीटरपेक्षा कडक आहे.

शेवटचा मुद्दा सहज निसटतो. सेल्फ-शील्ड (बाहेरचा वायू न लागणाऱ्या) वायरच्या वेल्डमध्ये ॲल्युमिनियम भरपूर असते. त्यावर किंवा त्याखाली दुसऱ्या प्रक्रियेचा वेल्ड आला, तर मिश्रणाचा चिवटपणा दोन्हींपेक्षा कमी निघू शकतो. टॅक (भाग जागेवर धरणारा छोटा वेल्ड) एका पद्धतीने आणि भराई दुसऱ्या पद्धतीने करायची असेल, तर त्या मिश्रणाची स्वतंत्र चार्पी चाचणी संहितेच्या पद्धतीने आधी उरकावी आणि तिचा अहवाल डब्ल्यूपीएससोबत जोडावा.