पवनेच्या काठावर एक मुक्काम: गळ, होडी आणि तंबूची तयारी

पवनेला, म्हणजे मावळातल्या पवना धरणाच्या जलाशयावर, जायचं ठरलं की यादी तंबूपासून सुरू होते. ती पाण्यापासून सुरू करा. लोहगड, तुंग आणि तिकोना यांच्या मधोमध पसरलेलं हे पाणी धरणाचं आहे, त्यामुळे त्याचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याच्या शेवटी ते गवताला टेकलेलं असतं. मग पिंपरी-चिंचवडला प्यायला म्हणून नदीत सोडलं जातं, रावेतच्या बंधाऱ्यावर उचललं जातं, आणि इकडे काठ खाली खाली सरकतो. उतार सपाट असेल तिथे मार्च-एप्रिलमध्ये पाणी गाठायला चांगलंच चालावं लागतं, तेही गाळातून. म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी ठाकूरसाई, फांगणे किंवा तुम्ही जिथे उतरणार त्या गावात फोन करून एवढंच विचारा: पाणी कुठवर आहे, काठ मुरमाचा की गाळाचा? उत्तर कळलं की निम्मं सामान आपोआप ठरतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा.

गाळ ओळखायला शिका. वरून पापडासारखा तडकलेला, कोरडा दिसतो, आत मात्र लोण्यासारखा. हातभर काठी सोबत ठेवा, टोचून पाहा. वीतभर सहज आत गेली तर तिथे पाय नको, होडी उतरवायला तर मुळीच नको. मुरमाची किंवा कातळाची एखादी जीभ पाण्यात गेलेली शोधा, उतरणं-चढणं तिथूनच करा. पोहण्याचा बेत यादीतून काढून टाका. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध, झाडांचे बुंधे आणि ओढ्यांची पात्रं आहेत. गुडघाभर पाण्यातून दोन पावलांत गळ्यापर्यंत जाता येतं, आणि माणूस बुडायला तेवढं पुरतं.

परवानगीचं काम घरूनच उरका. धरणांतल्या मासेमारीचा हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, आणि काठाची जमीन कुणाची ना कुणाची असतेच. हौसेने एक गळ टाकायचा असला तरी गावात विचारून टाका; जाळं, वीज, सुरुंग यांचं नावही नको. पावसाळ्यात रोहू-कटल्याचा विणीचा काळ असतो, तेव्हा गळ घरी ठेवलेलाच चांगला.

आता गळ. सात-आठ फुटी रॉड, त्याला मध्यम रीळ, त्यावर 0.30 मिलिमीटर जाडीचा शंभरेक मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. चिलापीसाठी (तिलापिया मासा) 8 किंवा 10 नंबरचा काटा, म्हणजे हुक, रोहूसाठी 4 ते 6. आकडा मोठा म्हणजे काटा लहान, इथे नवखे फसतात आणि बोटाएवढ्या चिलापीला भला मोठा काटा दाखवत बसतात. शिशाच्या गोळ्या, दोन-तीन तरंगती बुचं, दोरा पिळू नये म्हणून फिरक्या, टोकदार पक्कड, छोटी कात्री. काटे जरा जास्तच घ्या, कारण बुडालेल्या बुंध्यांत दिवसाला चार-पाच तरी अडकून तुटतात.

तुटण्याचं दुसरं कारण म्हणजे गाठ. तंगूस काट्याच्या डोळ्यातून ओवा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्या, टोक डोळ्याजवळच्या पहिल्या फटीतून काढून तयार झालेल्या मोठ्या फासातून परत घाला. मग ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी गाठ करकचून ओढली की घर्षणाने तंगूस तापतो, तिथेच कमकुवत होतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो. टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

आमिषासाठी अर्धा किलो कणीक, पाव किलो भाजून कुटलेली शेंगदाण्याची पेंड आणि चिमटीभर कापूस पिंजून. पाणी थोडंथोडं घालत पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. कापसाचे तंतू गोळा धरून ठेवतात. तो नसेल तर गोळा पाण्यात पडताच विरतो आणि तुम्ही रिकाम्या काट्याकडे तासभर बघत बसता. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. चिलापीला गांडूळ जास्त आवडतं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, तेव्हा बूच सरकवून खोली बदलत राहा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून कुडकुडण्यात अर्थ नाही, गार पाण्यात मासा सुस्त असतो. ऊन चढल्यावर, नऊ ते अकरा, जास्त ओढ लागते. चिलापीच्या पाठीचे आणि शिंगाळ्याच्या पंखांचे काटे हातात घुसतात, म्हणून मासा ओल्या फडक्याने डोक्याकडून धरा. महाशीर लागला तर पाण्यातच सोडवून द्या. काट्याची उलटी नांगी पकडीने आधीच दाबून टाकली तर मासाही सहज सुटतो आणि तुमचं बोटही.

होडीबाबत आमचं मत कडक आहे. लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं असेल तरच पाय होडीत. नीट बसलंय का ते असं पाहा: पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याशी धरून वर उचलावं, कानापर्यंत आलं तर पाण्यातही ते तसंच वर येईल आणि माणूस खालून निसटेल. गळ्यात शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत फोन, दहा-पंधरा मीटर दोर, एक जादा वल्हं. सकाळी नऊ-दहापर्यंत पाणी निपचित असतं, दुपारी वारा उठतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे हात दमल्यावर परततानाचा वारा पाठीशी असतो. उलटं करणाऱ्यांना मग पलीकडच्या काठावरून रस्त्याने गाडी मागवावी लागते. हवेची होडी असेल तर उन्हात काठावर ठेवताना थोडी हवा काढा, नाहीतर शिवण फुटते. पाण्यात ती सैल पडते, तेव्हा पुन्हा भरा. बाभळीच्या काट्यांसाठी ठिगळं आणि सोल्यूशन हवंच. गावातल्या होडीवाल्याकडे बसणार असाल तर जॅकेटं मोजा, मग माणसं.

तंबू दोघांना तीन माणसांचा घ्या. तो पाण्यापासून निदान पन्नास पावलं दूर आणि चांगला वर लावा. काठालगत दव, डास आणि गाळ तिन्ही जास्त. मुरमात तंबूसोबत आलेल्या तारेच्या खुंट्या वाकतात, म्हणून वीतभर लांबीचे लोखंडी खिळे आणि हातोडी न्या. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नका, दव त्यावर साचून आत येतं. थंडी वाजते म्हणून वरच्या झडपा बंद केल्या की श्वासाची वाफ कापडावर जमून पहाटे अंगावर ठिबकते. शेगडी किंवा कोळसे तंबूत कधीच नकोत, विषारी वायूने झोपेतच माणूस जातो. थंडीत रात्री पारा बराच उतरतो, आणि जमिनीचा गारवा पाठीला लागतो. जाड चटई पांघरुणापेक्षा महत्त्वाची.

स्वयंपाकाला गॅसचे दोन छोटे डबे. पहाटेच्या गारठ्यात त्यांचा दाब पडतो, तेव्हा डबा रात्री पांघरुणात ठेवा, चहा लवकर होतो. पिण्याचं पाणी माणशी पाच लिटर. भांडी काठावर साबणाने घासू नका, खाली लाखो लोक हेच पितात; माती किंवा राखेने घासून, धुवण माळावर ओता. लाकूड गावातून विकत घ्या. फेब्रुवारीनंतर गवत वाळतं, मग शेकोटी नको, एका ठिणगीने वणवा लागतो.

सापाचं थोडं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दंशाची खूणही धड दिसत नाही. चेन कायम बंद, बूट आत, बाहेर पडताना टॉर्च. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यांत वेळ घालवू नका. अवयव हलू न देता 108 ला फोन आणि रुग्णालय. काही ठिकाणी रेंज नसते, ती कुठे मिळते ते दिवसाउजेडीच बघून ठेवा.

निघताना तुटलेल्या तंगूसचे तुकडे वेचा, त्यात बगळ्यांचे पाय अडकतात. आणि तंबू तसाच ओला गुंडाळला असेल तर घरी पोचताच गॅलरीत पसरा. दोन दिवस राहिला की बुरशी धरतो आणि तो वास पुढच्या मुक्कामापर्यंत जात नाही.