ऑइल बदलताना नुसते किलोमीटर बघू नका

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर इंजिन तासभर चालतं आणि मीटर पुढे सरकतो जेमतेम दहा किलोमीटर. त्यामुळे ‘१०,००० किलोमीटर झाले की इंजिन ऑइल बदलू’ हा हिशोब आपल्याकडे फसतो.

१. गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने दोन्ही असतात. जे आधी भरेल ते धरा.
२. ‘खडतर वापरा’साठी वेगळा, कमी आकडा दिला असेल तर तोच आपला. रोजचा ट्रॅफिक, छोट्या फेऱ्या बहुधा त्यातच मोडतात.
३. ऑइल बदललं त्याच दिवशी मोबाइलमध्ये पुढची तारीख लावा.

महिन्यातून एकदा सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची, दोन खुणांची पट्टी) पुसून पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. नुसतं काळं दिसलं म्हणून बदलायची घाई नको, पण वरच्या खुणेपलीकडे कधीच भरू देऊ नका.