ला ग्लेझची कोंडी फोडताना या चुका टाळा

डिसेंबर १९४४, बेल्जियमचा आर्डेन भाग. जर्मन एसएस अधिकारी योआखिम पायपरचा चिलखती ताफा आंब्लेव्ह नदीपलीकडच्या ला ग्लेझ गावात अडकलाय, इंधन संपत आलंय आणि त्याच्याच डिव्हिजनच्या हान्सेन गटाला तिथवर पोचायचंय. नकाशावर फाशांनी खेळायच्या युद्धखेळात (वॉरगेममध्ये) हा सिनारिओ, म्हणजे लढाईचा प्रसंग, मांडला की जर्मन खेळाडू हमखास पहिल्याच टर्नला सगळे रणगाडे गावाच्या रोखाने सोडतो. थोड्या वेळात रस्ता तुंबतो आणि दोष फाशांवर जातो. खरं तर ही लढाई पुलाची आहे, गावाची नाही.

आंब्लेव्हवरचं स्टॅव्हलो अमेरिकनांनी परत घेतलं आणि १९-२० डिसेंबरच्या रात्री तिथला पूल उडवला. उरला प्ती-स्पेचा हलका पूल. २१ तारखेला तो एका यागडपांझर फोरच्या (रणगाडाविरोधी चिलखती गाडीच्या) वजनाने कोसळला. जेमतेम २५ टनांची ती गाडी! पायदळ पलीकडे गेलं, चिलखती वाहनं अलीकडेच राहिली. त्यामुळे पुलाला वजनाची मर्यादा न लावणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. नियम सोपा ठेवा: पायदळ बिनधास्त जाईल, २० टनांवरच्या प्रत्येक गाडीसाठी फासा टाका, १ ते ३ पडलं की पूल गेला आणि गाडीही गेली. नवा पूल बांधायला इंजिनिअर काउंटरला (त्या तुकडीच्या सोंगटीला) सलग तीन टर्न द्या, पण त्या हेक्सवर (नकाशावरच्या षटकोनी घरावर) तोफांचा मारा झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. एवढं केलंत की जर्मन खेळाडू आपोआप पायदळ आधी पुढे काढायला लागतो.

वेढ्यातले रणगाडे मोकळे हिंडत असतील तर इंधनाचा हिशेब चुकलाय. जागेवरून तोफ डागायला इंधन लागू नये, हलायला मात्र लागावं, आणि साठा अख्ख्या गटाचा एकच धरा. विमानातून येणारी रसद हुकमी समजू नका. २२ डिसेंबरच्या रात्री टाकलेला बहुतेक माल अमेरिकनांच्या हातात पडला, म्हणून रसदीचा प्रत्येक मार्कर कुठे पडतो ते फाशाने ठरवा. रस्ता सोडून जंगलातल्या चढावर वाहनं नेऊ देऊ नका.

विजयाचे गुण वाचलेल्या रणगाड्यांवर देऊ नका. २४ तारखेच्या पहाटे सुमारे ८०० माणसं वाहनं मागे टाकून पायी निसटली. म्हणून गुण माणसांचे ठेवा. मग अमेरिकन खेळाडूलाही गावावर नुसता मारा करत बसता येत नाही, दक्षिणेची नदीकाठची बाजू राखावी लागते. बहुतेक जण नेमकी तीच उघडी सोडतात.

सिनारिओच्या माहितीत ही सुटका शौर्यगाथा म्हणून लिहिलेली दिसते, ते मला अजिबात पटत नाही. पायपरच्या याच गटाने १७ डिसेंबरला माल्मेडीजवळ ८० हून अधिक अमेरिकन युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या आणि पुढे स्टॅव्हलो परिसरात शंभरावर नागरिक मारले गेले. पहिल्याच परिच्छेदात हे यायला हवं.

एवढं करूनही डाव एकतर्फी होत असेल तर सैन्य वाढवू नका. पुलाचा फासा १ ते ३ ऐवजी १ ते २ करून बघा.