सोलापूरहून रत्नागिरीच्या समुद्रावर जाताय? आधी तिथी बघा

आपल्याकडून समुद्र बघायला जायचं म्हटलं की सगळ्यांच्या तोंडात पहिलं गोवाच येतं, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर मी रत्नागिरीच सांगतो. रस्ता एकदम सरळ आहे, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत एकाच हायवेने थेट रत्नागिरी. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातं, त्यामुळे पहाटे पाचच्या आत घर सोडा. रेल्वेने मिरज-कोल्हापूरपर्यंत जाता येतं पण कोल्हापूरहून खाली कोकणात उतरायला रेल्वे नाही, तिथून एसटी किंवा गाडी. आंबा घाट मात्र उजेडात उतरायचा, पावसाळ्यात आणि हिवाळ्यातल्या पहाटे तिथे इतकं धुकं असतं की समोरचं वळण दिसत नाही. घाट उतरलं की साखरपा, नाणीज, पाली, हातखंबा आणि मग रत्नागिरी.

आता मुख्य गोष्ट. आपण सोलापूरची माणसं हॉटेल बघतो, सुट्ट्या बघतो, गाडीचं बघतो, आणि समुद्राची वेळ कोणीच बघत नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो ते संकष्टीला, गणपतीपुळ्याचं दर्शन घेतलं आणि दुपारी तीनला मुलांना घेऊन पाण्याकडे निघालो तर पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, अगदी थोडीशी उरलेली, लाटा अंगावर यायलेल्या, मुलं रडकुंडीला आलेली. जिथे उतरलो होतो त्या घरच्या काकू म्हणाल्या, अहो आज चतुर्थी ना, तीनला भरतीच असणार, सकाळी नऊला नाही का जायचं. आणि मग त्यांनी जे गणित सांगितलं ते मी तेव्हापासून प्रत्येक ट्रिपला वापरतोय.

गणित असं आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता साधारण पूर्ण भरती, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, सव्वानऊच्या आसपास ओहोटी. भरती दिवसातून दोनदा आणि ओहोटीपण दोनदा, त्यामुळे सकाळचा आणि रात्रीचा असा दोन्हीकडे हिशोब धरायचा. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक, दोन मोजायचं. चंद्र रोज पाऊण तासाच्या थोडं वर उशिरा येतो म्हणून भरतीपण रोज तेवढीच पुढे सरकते, त्यातूनच हे पाऊणचं गणित आलंय. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा तास इकडे तिकडे धरून चाला, आणि मोबाईलवर भरती-ओहोटीचा तक्ता मिळतो तोही एकदा ताडून बघा. पण पंचांग तर आपल्या घरातच असतं, दाते पंचांग निघतंच मुळात सोलापुरातून, त्यामुळे तिथी बघायला आपल्याला कोणाला विचारायची गरज नाही.

मुलांना खेळायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे ओहोटी पूर्ण होऊन पाणी परत फिरायला लागतं तेव्हाचा तास दीड तास. वाळू लांबपर्यंत सपाट मिळते, शिंपले सापडतात. एकादशीला गेलात तर भरती सव्वाआठला, ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे अडीच ते चार मुलांचं खेळणं आणि मग बाहेर बसून सूर्यास्त. पंचमी असेल तर सकाळी दहाला उतरा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी जास्त चढत नाही. अमावस्या पौर्णिमेला उधाण, तेव्हा ओहोटीला पुळण लांबच लांब उघडी पडते पण पाण्याला ओढही तितकीच जोरात असते, त्या दिवशी गुडघ्याच्या वर जाऊ नका. आणि ओहोटी चालू असताना, म्हणजे भरतीनंतरचे दोन ते चार तास, पाणी आत ओढत असतं, तेव्हा लांबूनच बघायचं.

आपल्यातले बरेच जण विहिरीत नायतर कॅनॉलला पोहायला शिकलेत आणि पोहायला येतंय म्हणून समुद्रात बिनधास्त जातात. विहिरीतलं पाणी जागेवर असतं ओ. समुद्रात लाटांनी किनाऱ्याला आलेलं पाणी परत जायला एखादी वाट धरतं, त्या वाटेवर लाटा कमी फुटतात म्हणून तीच जागा शांत दिसते आणि माणसं नेमकी तिथेच उतरतात. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल, किनाऱ्याला समांतर आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडा आणि मग लाटांबरोबर या. तेही जमत नसेल तर पाठीवर तरंगत राहून हात वर करा. गणपतीपुळे आणि आरे-वारे दोन्हीकडे बुडाल्याच्या बातम्या येत असतात, म्हणून तिथले बोर्ड आणि जीवरक्षकांची शिट्टी मनावर घ्या, हे मी हात जोडून सांगतोय.

कुठला बीच कशासाठी ते सांगतो. मांडवी शहरातच आहे, वाळू काळी, संध्याकाळी भेळ खात बसायला आणि गार वारं घ्यायला मस्त, पाण्यात जायला नाही. भाट्ये खाडीवरच्या पुलापलीकडे, लांब सरळ किनारा आणि मागे सुरूचं बन, आजी-आजोबांना सावलीत बसवून मुलांना समोर खेळवायचं तर मला हाच सगळ्यात आवडतो. रत्नदुर्गावर दिवस मावळायच्या तासभर आधी चढा, भगवतीचं देऊळ आहे, दीपगृह आहे आणि तिन्ही बाजूला पाणी. आरे-वारेला पाण्यात उतरण्यापेक्षा वरच्या रस्त्यावरून बघा, खाली दोन पांढरे किनारे आणि मधे खाडी, मन भरत नाही. तसंच पुढे गेलं की गणपतीपुळे, रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने २५ किलोमीटर. तिथे डोंगरालाच प्रदक्षिणा असते, साधारण किलोमीटरभर, उन्हात पाय भाजतात म्हणून सकाळीच करा. शेजारी मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे. गर्दी नको असेल तर पावस गावाच्या पुढे गणेशगुळे.

दुपारी ऊन असतं तेव्हा टिळकांचं जन्मघर आणि थिबा राजवाडा करून घ्या. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथे आणून ठेवलं होतं, १९१६ ला तो इथेच वारला, राजवाड्याच्या वरच्या भागातून खाडी दिसते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मे मध्ये आपल्या ४३ च्या मानाने तिथलं तापमान कमी दिसतं पण घाम वाळत नाही, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्याला ते लई जड जातं, तहान लागायची वाट न बघता पाणी, सोलकढी पीत राहा. पावसाळ्यात जा, हिरवळ बघा, पण समुद्रात पाय घालू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे ताज्या सुरमईसाठी तेव्हा जाऊ नका. पावसाळ्यात निळसर फुग्यासारखे जेलीफिश वाळूवर येतात, मेलेले असले तरी डंख करतात. लागलंच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

वाटेत खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या, टिकते. टॉवेल आपले सोलापुरीच, माणशी दोन, पण चादर वाळूवर अंथरू नका, विणीत वाळू आणि खारं पाणी बसलं की निघत नाही, प्लास्टिकची चटई न्या. गाडी वाळूवर उतरवूच नका, चाक रुतलं आणि भरती लागली तर काढणं अवघड. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर खारं पाणी पत्रा खातं.