उत्क्रांतीवर संशोधन करणारा गट कसा निवडावा

मराठवाड्यात प्राणिशास्त्र किंवा कृषिकीटकशास्त्र शिकून उत्क्रांतीवर संशोधन करू इच्छिणाऱ्याने संस्थेचे नाव पाहण्याआधी स्वतःचा प्रश्न ठरवावा. असा प्रश्न आपल्या शिवारातच सापडतो. बीटी कपाशीतील विषारी प्रथिनांना गुलाबी बोंडअळी पुरून उरली, ती एकेका अळीला विषाची सवय झाली म्हणून नव्हे, तर मुळातच प्रतिकारक्षम असलेल्या अळ्या जगल्या आणि त्यांचीच संतती पुढे वाढत गेली म्हणून. बिगर-बीटी कपाशीच्या आश्रय-ओळी लावण्यामागचा हेतूही हाच की, तिथे वाढलेल्या, प्रतिकारक्षम नसलेल्या पतंगांशी संकर होऊन ही प्रतिकारक्षमता सावकाश पसरावी. यापेक्षा जिवंत धडा पाठ्यपुस्तकात क्वचितच मिळेल.

त्यानंतर गटाचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि तिथे कोणत्या जीवावर काम चालते ते पाहावे. पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) सुतीर्थ डे यांचा गट फळमाश्या आणि जिवाणूंवर, तर बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) दीपा आगाशे यांचा गट जिवाणू आणि पिठातील तांबड्या भुंगेऱ्यांवर काम करत आला आहे. या जीवांच्या पिढ्या झपाट्याने बदलत असल्याने उत्क्रांती प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहता येते.

गटातील संशोधक विद्यार्थ्यांशी अवश्य बोलावे. मार्गदर्शक किती वेळ देतात, हे तेच नेमके सांगू शकतात. गटप्रमुखांना पत्र लिहिताना त्यांच्या एका शोधनिबंधाविषयी स्वतःला पडलेला प्रश्न मांडावा आणि संख्याशास्त्राची तयारी कितपत झाली आहे, हे स्पष्ट लिहावे.