पुण्यात राहून जोडीदाराची आय-१३०: कागद कुठले, अडतं कुठे

पासपोर्ट अमेरिकेचा, संसार पुण्यात आणि आता नवऱ्याला किंवा बायकोला घेऊन तिकडे परत जायचंय. पहिली शंका ठरलेली: अर्ज करायला आधी तिकडे जाऊन राहावं लागेल का? नाही. नागरिकाला आय-१३०, म्हणजे जोडीदाराला तिकडे न्यायचा पहिला अर्ज, इथे बसून ऑनलाइन भरता येते. (ग्रीन कार्डवाल्यांचं गणित निराळं. इकडे फार काळ मुक्काम ठोकला, तर त्यांचं स्वतःचंच कार्ड धोक्यात येतं.) नागरिकत्वाचा पुरावा, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा हुकूम, आणि मराठी कागदांचं भाषांतरकाराच्या सहीचं इंग्रजी भाषांतर, हे जमवणं अवघड नाही.

राहण्याचा मुद्दा आडवा येतो तो पुढे, आर्थिक हमीच्या आय-८६४ मध्ये. त्यात स्पॉन्सरच्या, म्हणजे हमी देणाऱ्या तुमच्या, डोमिसाइलचा (कायमच्या वास्तव्याचा) देश विचारतात. तिथे सवयीने 'भारत' लिहून पुढे सरकू नका. जोडीदार अमेरिकेत उतरेल त्या दिवसापर्यंत तुम्हीही तिथे परत बस्तान बसवणार, हे पत्र लिहून आणि पुरावे जोडून पटवावं लागतं. तिकडचं चालू बँक खातं, लायसन्स, मतदार नोंदणी, नोकरीचं ऑफर लेटर किंवा निदान केलेले अर्ज, मुलांच्या शाळाप्रवेशाचा पत्रव्यवहार. सुरुवातीला भावाकडे उतरणार असाल तर त्याचं पत्र घ्या, सोबत त्याच्या घराचा कागदही. नुसतं 'जाणार आहोत' याला कोणी विचारत नाही.

न्यू जर्सीचे काका जॉइंट स्पॉन्सर (तुमच्या जोडीने हमी देणारे) झाले की भागलं, असं बरेच जण धरून चालतात. काका उत्पन्नाची बाजू सांभाळतील, पण डोमिसाइल तुमचंही लागतंच. उत्पन्नाची अट २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर होती, आणि पुण्याचा पगार तिकडे गेल्यावरही त्याच कंपनीकडून चालू राहणार असेल तरच धरतात. इकडे कमावत असताना अमेरिकेचे टॅक्स रिटर्न भरायचे राहिले असतील, तर ते काम सगळ्यात आधी उरका.

पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स आणि मेडिकल शेवटी; फार आधी काढलं तर मुदत संपते. मुलाखत मुंबईला, बीकेसीत. व्हिसा हातात आला की तिकीट काढण्याआधी लग्नाची तारीख बघा. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत जोडीदार तिथे उतरला तर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, पुरी झाल्यावर उतरला तर दहा वर्षांचं. आणि त्याला एकट्याला पुढे पाठवू नका, सोबत जा किंवा आधी पोहोचा.