जुन्या आमदाराला आव्हान देताना या चुका टाळा

विधानसभेची निवडणूक जवळ आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत एक प्रकार हमखास पाहायला मिळतो. चार-पाच वेळा निवडून आलेल्या आमदारासमोर एखादा नवा उमेदवार उभा राहतो. त्याच्याकडे मुद्दे असतात, धावपळ करणारी मुले असतात, लोकांची नाराजीही त्याच्या बाजूची असते. आणि तरीही प्रचाराला रंग चढताच तो सारे मुद्दे बाजूला ठेवून आमदाराच्या वयावर, चालण्यावर, सुनेवर आणि जातीवर बोलू लागतो. प्रचारपत्रके लिहून देण्याच्या आणि भाषणांचे कच्चे खर्डे तपासण्याच्या निमित्ताने हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता रागही येत नाही, केवळ कंटाळा येतो.

जुना माणूस हरतच नाही, म्हणून चिखलफेक करावी लागते, असा युक्तिवाद नवखे उमेदवार करतात. तो खोटा आहे. नंदुरबारमधून १९८१ पासून सलग नऊ वेळा लोकसभेवर गेलेले माणिकराव गावित २०१४ मध्ये डॉ. हीना गावित यांच्याकडून पराभूत झाले आणि पुढे २०२४ मध्ये त्याच डॉ. हीना गावित यांचाही गोवाल पाडवी यांनी पराभव केला. जळगाव शहरातून नऊ वेळा आमदार झालेले सुरेश जैन २०१४ मध्ये हरले. मुक्ताईनगरची जागा १९९० पासून एकनाथ खडसे यांच्याकडे होती. २०१९ मध्ये त्यांच्या कन्या तेथून उभ्या राहिल्या आणि दोन हजारांहूनही कमी मतांनी हरल्या. खानदेशातला मतदार बदल करतो, हे यातून पुरेसे स्पष्ट व्हावे. फरक इतका कमी असू शकतो तेव्हा चार गावांतली म्हातारी माणसे एका वाक्यामुळे दुखावणे कोणत्याच उमेदवाराला परवडणारे नसते.

वयाची आणि प्रकृतीची थट्टा

ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे, आणि सर्वांत जास्त वेळा केली जाणारीही. पंचवीस-तीस वर्षे आमदार असलेला माणूस मतदारसंघात केवळ आमदार उरलेला नसतो. तो कोणाचा आप्पा, कोणाचा दादा, कोणाचा बापू झालेला असतो. त्याने लग्नांत अक्षता टाकलेल्या असतात, दशक्रियेला नदीकाठी उभा राहिलेला असतो, मध्यरात्री सिव्हिल हॉस्पिटलला फोन केलेला असतो. त्याच्या कामावर गाव नाराज असते, कधी कधी संतप्तही असते, परंतु त्याला पाच वेळा मत देणारेही तेच गाव असते. त्याच्यावर केलेला वैयक्तिक वार त्या गावाच्या पाच निर्णयांवर जाऊन बसतो आणि ऐकणारा माणूस नकळत स्वतःच्या बचावासाठी आमदाराची बाजू घेऊ लागतो.

गिरणाकाठच्या एका गावातली कोपरा सभा मला चांगली आठवते. कापूस वेचणीचे दिवस होते, माणसे शेतातून थेट आली होती आणि पाटचारीला शेवटपर्यंत पाणी येत नाही या एकाच रागापोटी आली होती. उमेदवार पुण्यातली नोकरी सोडून आलेला, अभ्यासू मुलगा होता. पहिली दहा मिनिटे तो उत्तम बोलला. कोणत्या वर्षी किती आवर्तने सुटली, पाटचारीच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कोणत्या कार्यालयात अडकला आहे, हे त्याने कागद हातात धरून सांगितले आणि पुढच्या रांगेतली माणसे माना डोलावू लागली. तेवढ्यात मागून कोणी तरी शिट्टी वाजवली. त्या शिट्टीने त्याच्या डोक्यात काय झाले कोण जाणे, परंतु कागद घडी करून त्याने खिशात ठेवला आणि आमदारांना व्यासपीठावर चढायला आता दोन माणसे लागतात, याची नक्कल करून दाखवली. तरुण पोरे हसली. पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी उठून उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “भाऊ, आप्पाले शिव्या देईसन आमना पाटले पानी येई का?” त्यांनी उपरणे झटकले आणि ते निघून गेले. त्यांच्यामागे बायकांची रांग उठली.

खरे नुकसान दुसऱ्या दिवशी झाले. नकलेची चित्रफीत रात्रीतून मतदारसंघभर फिरली होती. आमदारांनी तिला उत्तर देण्याच्या फंदात न पडता पुढच्या गावात एवढेच सांगितले की पोराचे खरे आहे, पाय दुखतात, पण तुमच्या ओट्यावर चढताना कधी दुखले नाहीत. झाले. त्यानंतर मतदानापर्यंत त्या मतदारसंघात पाटचारीविषयी कोणीही बोलले नाही. सर्वत्र आप्पांच्या पायांचीच चर्चा होती. ज्या प्रश्नावर आमदार खरोखर अडचणीत होते, त्या प्रश्नातून त्यांची सुटका उमेदवारानेच केली होती.

यावर माझा उपाय साधा आहे आणि तो कोणत्याही प्रचार व्यवस्थापकाच्या पुस्तकात सापडणार नाही. भाषणाचा खर्डा हाती आला की मी लाल पेन्सिलीने आमदाराच्या नावामागचे प्रत्येक विशेषण खोडतो. गाव त्यांना आप्पा म्हणत असेल तर उमेदवारानेही आप्पाच म्हणावे, आणि मग पुढचा प्रश्न हवा तितका कठोर विचारावा. त्यानंतर ते भाषण उमेदवाराच्याच घरातल्या अशा व्यक्तीला वाचून दाखवायला लावतो, जिने मागच्या वेळी आमदारांना मत दिले होते. अशी एखादी आत्या किंवा काका प्रत्येक घरात असतात. ज्या वाक्याला आत्याच्या कपाळावर आठी पडते ते वाक्य जाते. त्यावर वाद घालत बसत नाही. घाईत असलेल्या उमेदवारांना ही पद्धत बायकी आणि संथ वाटते. त्यांना टाळ्या हव्या असतात, आणि टाळ्या वाजवणाऱ्या पोरांपैकी अर्ध्यांचे नाव मतदार यादीतच नसते.

चूक होऊन गेलीच असेल तर त्याच संध्याकाळी, त्याच गावात, एका वाक्यात माफी मागावी. “कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर” हे शेपूट जोडू नये. ते ऐकून दुखावलेला माणूस अधिकच चिडतो.

ऐकीव गोष्ट सत्य म्हणून छापणे

आमदाराचे अमुक ठिकाणी दुसरे घर आहे, तमुक बाईशी संबंध आहेत, मुलाला अमुक व्यसन आहे, अशा गोष्टी चहाच्या टपरीवर प्रत्येक तालुक्यात बोलल्या जातात. त्या व्यासपीठावर आणि पत्रकात आल्या की प्रकरण वेगळे होते, हे नव्या उमेदवारांना वकिलाची नोटीस आल्यावरच कळते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार, एखाद्या उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान, ते खोटे आहे हे ठाऊक असताना किंवा ते खरे असल्याची खात्री नसताना, त्याचे निवडणुकीत नुकसान होईल अशा रीतीने प्रसिद्ध करणे हे भ्रष्ट आचरण ठरते. उमेदवाराने स्वतः केले काय किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने केले काय, परिणाम सारखाच. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत निवडणूक याचिका दाखल करता येते आणि आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जाते. म्हणजे आमदाराला हरवून, गुलाल उधळून, शपथ घेऊनही एका पत्रकापायी निवडून येणे रद्द होऊ शकते. याखेरीज भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीसाठी आणि कलम १७५ निवडणुकीतील खोट्या विधानासाठी आहेच.

आदर्श आचारसंहिता तर टीकेची जागाच आखून देते. धोरण, कार्यक्रम, मागील कामगिरी यांवर बोला. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर बोलू नका. मला ही मर्यादा मुळीच जाचक वाटत नाही, कारण जुन्या आमदाराची मागील कामगिरी हीच नव्या उमेदवाराकडची सर्वांत मोठी शिदोरी असते.

निनावी पत्रक काढू नये. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्याच कलम १२७ अ प्रमाणे मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे, आणि ज्या मजकुराखाली स्वतःचे नाव छापायला हात कचरतो तो मजकूर मुळातच छापण्यासारखा नसतो.

“यांनी काहीच केले नाही”

हे वाक्य वैयक्तिक शिवी वाटत नाही, परंतु परिणाम शिवीसारखाच करते, कारण ते उघडपणे खोटे असते. एका उमेदवाराने हे वाक्य ज्या सभामंडपात उभे राहून उच्चारले, त्याच्या खांबावर ‘स्थानिक विकास निधीतून’ अशी आमदारांच्या नावाची पाटी होती, आणि ती त्याच्या डोक्याच्या बरोबर मागे असल्यामुळे छायाचित्रात स्पष्ट आली.

जे झाले ते मान्य करून जे राहिले ते नेमके विचारावे. पाडळसरे येथील निम्न तापी प्रकल्प वर्षानुवर्षे का रेंगाळला, गिरणेवरील बलून बंधाऱ्यांची घोषणा किती निवडणुकांत झाली, केळीच्या फळपीक विम्याचे पैसे अडले तेव्हा आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) किंवा लक्षवेधी सूचना मांडली का, हे प्रश्न बोचरे आहेत आणि त्यांत कोणाचा अपमान नाही. मात्र प्रश्न योग्य माणसाला विचारावा. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०२४ मध्ये मिळाली. तो विलंब आमदाराच्या माथी मारणारा उमेदवार स्वतःचेच अज्ञान जाहीर करतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून ही तयारी निवडणूक जाहीर झाल्यावर सुरू करून उपयोग नाही. बहुतेक जण तेव्हाच सुरू करतात, कागद वेळेवर मिळत नाही, आणि मग रिकाम्या हाताने शिवीगाळ सुरू होते. माझ्या पाहण्यातली बरीचशी असभ्यता स्वभावापेक्षा आळसातून आलेली आहे.

उमेदवारी अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रांतील मालमत्तेची तुलना अवश्य करावी, ती सार्वजनिक कागदपत्रे आहेत. परंतु महामार्गालगतच्या वडिलोपार्जित जमिनीचा भाव वाढला म्हणजे लूट झाली असे होत नाही; नवी खरेदी कोणती, एवढेच पाहावे.

काही लहान चुका

घराणेशाहीवर बोलताना उमेदवारी कोणाला मिळाली यावर बोलावे. सुनेच्या राहणीवर किंवा मुलीच्या संसारावर बोलू नये.

जातीवरून टोमणा कधीही मारू नये, सूचकही नाही. नंदुरबार जिल्ह्यातील चारही आणि शेजारच्या साक्री, चोपडा या राखीव मतदारसंघांत जातीच्या दाखल्याचा वाद उकरण्याची खोड आहे. पुरावा असेल तर तो जात पडताळणी समितीपुढे न्यावा, चौकात नाही.

आमदाराच्या घरासमोर घोषणा देऊ नयेत. आचारसंहितेतही ते मना आहे.

व्हॉट्सॲप गटावर रात्री नऊनंतर उमेदवाराच्या नावाने काहीही जाऊ नये, असा माझा हट्ट असतो. सर्वांत घाणेरडा मजकूर त्यानंतरच तयार होतो.

राहिली शेवटची गोष्ट. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटल्यावर, आदल्या दिवशीपर्यंत एकमेकांचे वैरी असलेले नेते एकाच बाजूला बसले. ज्यांनी मुद्द्यांवर टीका केली होती त्यांना फारसा त्रास झाला नाही. ज्यांनी आई-बहिणीवरून भाषणे केली होती त्यांच्या चित्रफिती आजही फिरतात. कार्यकर्त्यांचे तर याहून वाईट होते. नेते हार घालून मोकळे होतात आणि त्यांच्या सांगण्यावरून पोस्ट टाकणारा विशीतला मुलगा अदखलपात्र गुन्ह्याच्या तारखांना तालुक्याच्या कोर्टात एकटाच उभा असतो. उमेदवाराला शिवीगाळ थांबवायची नसेल, तर निदान त्या मुलाच्या वकिलाची फी कोण भरणार, हे त्याने आधीच सांगून ठेवावे.